नाच्या, गंधर्व, गौरी आणि आपली एक अट

दिग्दर्शक रवी जाधव यांनी साडीची गोष्ट तीनदा सांगितली आहे. १ जानेवारी २०१० रोजी ‘नटरंग’ आला. पुढच्याच वर्षी ‘बालगंधर्व’ आला. १५ ऑगस्ट २०२३ रोजी जिओ सिनेमावर ‘ताली’ ही सहा भागांची हिंदी मालिका आली. पहिल्या गोष्टीत एक शेतमजूर तमाशातला नाच्या होतो. दुसरीत एक गायक मुलगा महाराष्ट्राची लाडकी नायिका होतो. तिसरीत पुण्यातला गणेश गौरी सावंत होते.

या तिन्ही कलाकृतींवर भरपूर लिहून आलंय, पण सुटंसुटं. त्या एका रांगेत ठेवून पाहिल्या तर दिग्दर्शकापेक्षा आपल्याविषयी, म्हणजे मराठी प्रेक्षकांविषयी, जास्त कळतं. साडी नेसलेल्या माणसाला आपण टाळ्या देतो, पुरस्कार देतो, त्याच्या नावाने नाट्यगृहं बांधतो. मात्र त्याला आपली एक अट असते: साडीच्या आत ‘खरा पुरुष’ आहे याची खात्री कुणीतरी आधी द्यायला हवी. ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’ ती खात्री देतात. ‘ताली’ला ती देता येत नाही, म्हणून ती दुसरीच एक खात्री शोधते. या दोन्हींत न बसणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र अजून कुणी सांगितलेली नाही.

हा विषय सातारा-सांगलीकडून पाहण्याला कारण आहे. सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच रंगवलं आणि आजही तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. त्या नाटकातली सीता पुरुष होता, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं जन्मगाव. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष पठ्ठे बापूरावांचं. सांगलीजवळचं कवलापूर काळू-बाळूंचं. थोडक्यात, नाटक असो वा तमाशा, पुरुषाने बाईचं सोंग घेणं ही या मातीला नवी गोष्ट नाही. तरीही इथल्या एखाद्या घरातल्या मुलाने सांगितलं की मला सोंग घ्यायचं नाहीये, मी आहेच मुलगी, तर त्या घराकडे त्यावर द्यायला उत्तर नसतं. कलेच्या नावाखाली दोन शतकं जे चाललं, ते आयुष्याच्या नावाखाली एक दिवसही चालत नाही. असं का, हे या चित्रपटांतून दिसतं.

‘नटरंग’ आनंद यादवांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. गुणा कागलकर मजुरी करणारा, तालमीत घुमणारा गडी. विहिरीवर मोटर बसते, हातची कामं जातात आणि त्याच्या डोक्यातला तमाशा बाहेर येतो. त्याला राजा व्हायचंय. पण फडात नाच्या हवाच अशी अट समोर येते. नाच्या व्हायला कुणीच तयार नसतं, तेव्हा गुणा स्वतः उभा राहतो.

अतुल कुलकर्णींनी या भूमिकेसाठी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग ते उतरवलं. त्या वेळी या मेहनतीची खूप चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण ते शरीर चित्रपटात आणखी एक काम करतं. आपण गुणाला आधी पिळदार पाहतो. बायको आणि संसार असलेला पाहतो. त्यामुळे पुढे तो कंबर लचकवतो, हात मुरडतो, तेव्हा प्रत्येक क्षणी आपल्याला ठाऊक असतं की हे त्याने कलेसाठी सोसलेलं आहे. लोक त्याला हसतात आणि आपल्याला वाईट वाटतं, कारण लोकांचा गैरसमज झालेला आहे.

पुढे गुणावर सामूहिक बलात्कार होतो. मराठी मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात पुरुषावरचा बलात्कार इतक्या थेटपणे क्वचितच आला असेल. तो प्रसंग अंगावर येतो. पण तो पाहताना आपल्या मनात नेमकं काय चालतं? ‘अरे, हा तसा नाहीये.’ आपली सगळी कळवळ या एका वाक्यावर उभी आहे. मग तो तसा असता तर? नाच्या म्हणून उभा राहिलेला माणूस आतूनही बाईच असता, त्याच्या मागे पैलवानकीचा पुरावा नसता, घरी वाट पाहणारी बायको नसती, तर आपण तेवढेच हललो असतो का? ‘नटरंग’ हा प्रश्न विचारत नाही. फडात नाच्या व्हायला कुणीच तयार होत नाही असं तो दाखवतो, तेव्हा मनापासून तयार होणारं कुणी असू शकेल ही शक्यताही त्याला सुचत नाही. प्रत्यक्षात अशा कितीतरी मुलांना गावात मोकळेपणाने चालता-बोलता येईल अशी जागा फड हीच असणार. चित्रपटाच्या जगात ती मुलं नाहीत.

ही नुसती ‘नटरंग’ची गोष्ट नाही. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत वर्षानुवर्षं नाच्या साकारला. त्यांच्यावर लिहिताना आजही हमखास एक हळहळ येते: इतका संसारी माणूस, पण भूमिकेमुळे लोक त्यांना खरंच तसं समजले आणि घरच्यांना त्याचा त्रास झाला. ही हळहळ खरी आहे. त्या कुटुंबाने सोसलं तेही खरंच. पण या हळहळीत अन्याय कुणावर झाला असं आपण मानतो, ते पाहा. चुकून ‘तसा’ समजला गेलेल्या माणसावर. जो खरोखर तसा आहे, त्याच्याशी लोक असंच वागणार हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

‘बालगंधर्व’मध्ये हीच अट रेशमी पदर घेऊन येते. सुबोध भाव्यांनी नारायण श्रीपाद राजहंसांचं चालणं-बोलणं फार नजाकतीने उभं केलंय. आनंद भाट्यांच्या आवाजाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, वेशभूषेला आणि रंगभूषेलाही मिळाला. तिन्ही पुरस्कार पटतात. रंगमंचावरची भामिनी पाहताना डोळे निवतात. पण चित्रपट एका बाबतीत फार सावध आहे. पडदा पडला की नारायणराव लगेच पुरुषी पोशाखात येतात. नवरा, बाप, कर्जात बुडालेला मालक म्हणून दिसतात. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ रोजी, त्यांचं मूल गेलं आणि तरीही प्रयोग झाला, ही सर्वांना ठाऊक असलेली हकिकत. तिच्यामुळे त्यांचं बाईपण हे कर्तव्य ठरतं. ते आवडही असू शकतं, हा विचार तिथेच थांबतो.

बालगंधर्व ट्रान्सजेंडर होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. तसं म्हणायला आधार नाही, आणि मेलेल्या माणसावर आजचे शब्द चिकटवणं बरोबरही नाही. माझा मुद्दा प्रेक्षकांबद्दल आहे. शंभर वर्षांपूर्वी घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसत, त्यांच्यासारखा गजरा माळत. बाईने कसं दिसावं हे एका पिढीने पुरुषाच्या देहाकडे बघून ठरवलं. म्हणजे बाईपण शिकता येतं, घडवता येतं, ते जन्माच्या दाखल्यावर अवलंबून नसतं, हे आपल्या आजी-पणजींना अनुभवाने माहीत होतं. चित्रपटाला या गोष्टीचा अभिमान आहे, पण तिचा अर्थ काढायची त्याची तयारी नाही. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. पुढे स्त्रीपार्टी नटांचा जमाना सरला आणि ते सगळं शहाणपण आपण कपाटात बंद करून टाकलं.

इथे ‘जोगवा’ची आठवण व्हायलाच हवी. राजीव पाटील यांचा हा २००९ चा चित्रपट राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ कथेवर आधारलेला आहे. चारुता सागर आपल्या सांगली जिल्ह्यातलेच. तायप्पाच्या लघवीत रक्त दिसतं, गाव त्याला यल्लम्माचा कौल समजतं आणि त्याला लुगडं नेसवून जोगता केलं जातं. सुलीच्या केसांत जट निघते आणि तिला जोगतीण केलं जातं. दोघं प्रेमात पडतात, शेवटी बंधन झुगारतात. उपेंद्र लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘जोगवा’ सक्तीविरुद्ध बोलतो आणि ते बोलायलाच हवं होतं. देवाच्या नावाने कुणाच्या अंगावर लुगडं लादणं हा छळच आहे. पण तायप्पाची सुटका म्हणजे लुगडं फेडणं, पुरुष होणं आणि बाईवर प्रेम करणं. या एका वाटेमुळे जोगत्यांमधली दुसरी माणसं झाकली जातात. ज्यांना लुगडं लादलेलं वाटलं नाही, ज्यांना यल्लम्माच्या जगातच पहिल्यांदा स्वतःचं नाव सापडलं, त्यांचं काय? सक्तीला विरोध करायचा तर दोन्हीकडच्या सक्तीला करायला हवा. मनात नसताना लुगडं नेसवणं ही सक्ती. मनात असताना शर्ट-पँट घालायला लावणं हीसुद्धा सक्तीच. मराठी चित्रपटाने पहिलीवर उत्तम काम केलं. दुसरीला तो सक्ती मानतच नव्हता.

म्हणूनच ‘ताली’चं येणं मोठं होतं. इथे पहिल्यांदा साडी उतरत नाही. गणेशची गौरी होते आणि गौरीच राहते. ‘नटरंग’ बनवणाऱ्या माणसानेच ही मालिका बनवावी याला मी त्यांचा प्रवास म्हणेन, आणि त्याबद्दल मला आदर आहे. क्षितिज पटवर्धन यांच्या लेखनात लहानपणाचा भाग सगळ्यात खरा उतरलाय. कृतिका देव हिने साकारलेला घुसमटलेला गणेश आणि पोलीस खात्यातले कडक वडील यांच्यातली न बोललेली भीती मालिकेत पुढे कुठेच इतकी जिवंत होत नाही. मोठं होऊन काय होणार, तर आई होणार असं सांगणारं पोर आणि हसणारा वर्ग, इतक्या साध्या प्रसंगात सगळं येतं.

पण मालिका पुढे सरकते तशी ती अस्वस्थ होत जाते. आत पुरुष आहे अशी खात्री तिला देता येत नाही. मग प्रेक्षकाने गौरीला आपलं का म्हणावं? मालिकेचं उत्तर: कारण ती आई आहे, कारण ती समाजसेविका आहे, कारण ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सगळी कथा १५ एप्रिल २०१४ च्या निकालाभोवती गुंफली आहे. ‘नालसा’ खटल्यातल्या त्या निकालाने तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. निकाल ऐतिहासिक आहे. गौरी सावंत यांचं कामही मोठं आहे. प्रश्न तिच्या मोठेपणावर मालिका इतकी अवलंबून का राहते, हा आहे. जवळजवळ प्रत्येक प्रसंग एका भाषणाकडे जातो आणि प्रत्येक भाषण एका टाळीकडे. गौरीला कंटाळा येत नाही, ती आळशीपणा करत नाही, कुणाच्या प्रेमात वेड्यासारखी वागत नाही. तिला साधं असण्याची परवानगीच नाही.

आधी साडीखाली पुरुष हवा होता. आता साडीखाली संत हवी आहे. अट बदलली, पण अट आहेच.

निवडीचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. सुष्मिता सेन यांनी मेहनत घेतली आहे आणि काही प्रसंगांत त्यांची नजर थेट भिडते. तरीही तिन्ही कलाकृतींत मध्यभागी ट्रान्सजेंडर कलाकार नाही. पहिल्या दोनमध्ये ते समजण्यासारखं आहे, त्या पुरुष नटांच्याच गोष्टी आहेत. तिसरीत मात्र प्रेक्षकाला आणखी एक दिलासा मिळतो: पडद्यावरची बाई प्रत्यक्षात विश्वसुंदरी आहे. म्हणजे इथेही मालिका संपली की कलाकार सुखरूप आपल्या जागी परत जातो, जसे नारायणराव पडदा पडल्यावर जायचे.

यावर कुणी म्हणेल, चित्रपटाकडून इतकी अपेक्षा कशाला? निदान दाखवलं तरी. दिसणं ही पहिली पायरी असते. हे मला अर्धं पटतं. ‘ताली’मुळे कितीतरी घरांत हा विषय जेवताना निघाला असेल आणि त्याची किंमत कमी नाही. पण आपण कुणाला कोणत्या रूपात पाहायची सवय लावून घेतो, याचे परिणाम पडद्याबाहेर दिसतात. त्याचं उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे.

२०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी यांना पोलीस शिपाई भरतीचा अर्ज भरायचा होता. ऑनलाइन अर्जात लिंगाचे दोनच पर्याय होते, पुरुष आणि स्त्री. तोपर्यंत नालसाच्या निकालाला आठ वर्षं झाली होती. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला होता आणि नोकरीत भेदभाव करू नये असं तो स्पष्ट सांगत होता. तरी अर्जात जागा नव्हती. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅटने तिसरा पर्याय द्या असा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. धोरण ठरलेलं नसताना हे करणं अवघड आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. न्यायालयाने खडसावल्यावर डिसेंबरमध्ये सरकारने तिसरा पर्याय द्यायचं, नियम करायचं आणि तोवर शिपायाच्या दोन जागा रिकाम्या ठेवायचं मान्य केलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, फॉर्म बनवणं हे माझं रोजचं काम. दोन गोल बटणांच्या शेजारी तिसरं बसवायला फार वेळ लागत नाही. तरीही सरकार म्हणत होतं त्यात थोडं तथ्य होतं, आणि ते कोणत्याही प्रोग्रामरला लगेच कळेल. बटण सोपं असतं, पण त्या बटणावर पुढची किती गणितं लटकलेली आहेत ते पाहावं लागतं. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावायचं असतं, महिलांना ८०० मीटर. मग तिसरं बटण दाबणाऱ्याने किती धावायचं? उंची कोणत्या पट्टीने मोजायची? आख्खी यंत्रणा दोनच उत्तरं येणार असं धरून लिहिलेली असते. नुसतं बटण जोडलं आणि आतलं काही बदललं नाही, तर अर्ज भरला जाईल, पण उमेदवार पुढच्या पायरीवर अडकेल. म्हणून नियम बदलावे लागतात. हे काम आठ वर्षांत व्हायला हवं होतं. न्यायालयाने तारीख दिल्यावर ते सुरू झालं.

आपल्या चित्रपटांचंही असंच झालंय. तिसरं बटण जोडलंय, आतली कथा जुनीच आहे. त्या कथेत प्रेम दोघांतच होतं, घर दोघांचंच असतं, सन्मान मिळवायला एकतर पुरुषार्थ लागतो नाहीतर मातृत्व. तिसरं पात्र आत येतं, टाळ्या घेतं आणि पुढच्या पायरीवर अडकतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ लोकांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. ज्यांनी घरच्यांच्या भीतीने पुरुष किंवा स्त्री असं सांगितलं, ते यात आलेले नाहीत. इतक्या माणसांत संत किती असतील? बाकीच्यांना भाडं भरायचंय, परीक्षा द्यायचीय, जिल्हाधिकारी कार्यालयातून ओळखपत्र काढायचंय. सांगलीत संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या कामातूनच ‘मुस्कान’ ही पुरुष आणि ट्रान्सजेंडर सेक्सवर्कर्सची संघटना उभी राहिली. ही मंडळी आपला मोठेपणा सिद्ध करायला एकत्र आली नाहीत. पोलिसांचा मार थांबावा, दवाखान्यात नीट वागणूक मिळावी, अशा रोजच्या गोष्टींसाठी आली. सेक्सवर्क करणारी ट्रान्स बाई आपल्या अटीत कुठेच बसत नाही. आत पुरुष असल्याची खात्री ती देत नाही आणि संतपणाचीही देत नाही. म्हणून हक्कांची खरी परीक्षा तिच्यापाशी होते, आणि आपला पडदा तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबतो.

मराठी साहित्य याबाबतीत थोडं पुढे आहे, कारण तिथे माणसं स्वतः बोलली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये आलं. दिशा पिंकी शेख यांचा कवितासंग्रह ‘कुरूप’ या नावानेच येतो आणि सुंदर दिसण्याची अट पहिल्याच पानाआधी नाकारतो. स्वतःबद्दल स्वतः लिहिणाऱ्याला खात्री द्यावी लागत नाही. रवी जाधवांना किंवा त्यांच्यानंतर येणाऱ्या कुणालाही चौथी गोष्ट सांगायची असेल, तर सुरुवात इथून व्हावी: लेखनात, दिग्दर्शनात आणि मुख्य भूमिकेत ती माणसं हवीत, ज्यांना शूटिंग संपल्यावर परत जायला दुसरी ओळख नाही.

मला ती चौथी गोष्ट पाहायची आहे. ‘ताली’तल्या गौरीचे वडील पोलीस होते आणि तिला घर सोडावं लागलं. चौथ्या गोष्टीतल्या मुलीला त्याच खात्यात भरती व्हायचंय. साताऱ्याजवळच्या एखाद्या मैदानावर ती पहाटे धावते. दम लागतो. स्टॉपवॉच बघून वैतागते. शेजारच्या पोरीशी भांडते, चहाचे पैसे बुडवते, सामान्य ज्ञानाच्या पेपरात मार खाते. ती कुणाचीच प्रेरणा नाही. आणि तिच्या साडीबद्दल आख्ख्या चित्रपटात कुणी एक शब्द काढत नाही, कारण ती सकाळपासून ट्रॅकपँटमध्ये आहे.